मौनी बुवाचं दान

जगातला सगळ्यात अवघड शब्द कोणता, असं माझ्या भाच्याला विचारलंत तर तो म्हणतो, "माझं नाव." हा विनोद त्याचाच आहे, माझा नाही. पंधरा वर्षांचा हा मुलगा बोलताना अडखळतो. इतर शब्दांना एकवेळ वळसा घालता येतो. 'पाणी' अडलं तर 'वॉटर' म्हणता येतं, 'वॉटर' अडलं तर 'नीरु' म्हणता येतं... बेंगळुरूत वाढलेल्या मुलाच्या खिशात तीन-चार भाषांची चिल्लर असतेच! नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. शाळेत हजेरीच्या वेळी वर्ग हसला, तो प्रसंग सातवीतला. तेव्हापासून त्याने वर्गात तोंड उघडणं जवळजवळ बंद केलं. त्याचं नाव या लेखात येणार नाही. लिहायला परवानगी मिळाली ती याच अटीवर.

नोकरीच्या निमित्ताने सहा वर्षांपूर्वी मी बेंगळुरूत आले. जयनगरला ताईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे तिच्या घरातल्या तक्रारी माझ्याकडे गरमागरम येतात. गेल्या वर्षी अशीच एका संध्याकाळी ती हातात वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली.

"हा दार लावून कॉम्प्युटरवर राक्षस मारत बसतो. माणसांशी बोलायला नको, म्हणून राक्षसांची संगत! याला आता निम्हान्सला न्यावं म्हणते मी."

कात्रण खरंच निम्हान्सचं होतं. आपल्या या शहरातल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून 'शट क्लिनिक' चालतं. मोबाईल, इंटरनेट आणि खेळ यांच्या आहारी गेलेल्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१९ साली खेळांच्या अशा आहारी जाण्याला आजारांच्या यादीत जागा दिली आणि २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण त्या आजाराच्या खुणाही ठरलेल्या आहेत. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं आयुष्य त्याच्यामागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सगळं साधारण वर्षभर चालणं. मी ताईला एकेक विचारत गेले. झोपतो किती वाजता? साडेदहा. मार्क? बरे आहेत. बॅडमिंटन? जातो. मग? ताई थोडी वरमली, पण कात्रण काही तिने टाकून दिलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी भाच्याच्या खोलीत जाऊन बसले. "दाखव तुझे राक्षस," म्हटलं.

तो खेळत होता 'बाल्डर्स गेट'. नवीन नव्हे, जुना, १९९८ सालचा, पुढे २०१२ मध्ये डागडुजी करून पुन्हा बाजारात आलेला. कॅनडातल्या एडमंटनमध्ये काही तरुण डॉक्टरांनी मिळून एक कंपनी काढली होती, तिचा हा खेळ. रुग्ण सोडून राक्षसांच्या मागे लागलेले डॉक्टर! मूळ खेळ पाच सीडींवर यायचा. वरून तिरकं बघावं तसं गाव दिसतं. आपला नायक आणि त्याचे पाच सोबती, असे सहाजण रानावनातून फिरतात, लढतात. पण मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लढाईपेक्षा त्यात बोलणं जास्त होतं.

खेळ सुरू करताना आपला नायक घडवावा लागतो. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा असे त्याचे सहा गुण. संगणक आतल्या आत फासे टाकतो आणि या गुणांचे आकडे समोर ठेवतो. दान पसंत नसेल तर बटण दाबून पुन्हा फासे टाकायचे, हवे तितक्या वेळा. मग आलेले आकडे या गुणातून त्या गुणात थोडे हलवताही येतात. भाच्याच्या नायकाची ताकद बेताची होती, बुद्धी ठीक. करिश्मा मात्र १८! माणसाला याहून जास्त मिळतच नाही.

"करिश्म्याला एवढे का रे?"

तो पडद्याकडे बघत म्हणाला, "बोलायचं काम त्याचंच असतं." हे वाक्य पुरं व्हायला वेळ लागला, पण झालं.

मग मी त्याला खेळताना पाहिलं. समोरचा पहारेकरी काहीतरी विचारतो. खाली तीन-चार उत्तरं येतात, आकडे घातलेली. दोन दाबलं की आपला नायक ते बोलला! पहारेकरी असो, सरदार असो, सावकार असो. तोवर खेळातलं घड्याळ थांबलेलं असतं. संगणकाला घाई नसते. तो आपलं वाक्य पुरं करून देत नाही, भुवया उंचावत नाही आणि मुख्य म्हणजे "सावकाश बोल हं बाळा" असं म्हणत नाही. (अडखळणाऱ्या मुलांना हे वाक्य किती टोचतं, ते एकदा त्यांनाच विचारून बघा.)

मी हे सगळं ताईला सांगितलं. मुलगा राक्षस मारत नाहीये, गप्पा मारतोय. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते खरं गं. पण तिकडे त्याचं ऐकतं कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हांला शिकवलं होतं की प्रश्न अडला तर मुळाशी जावं. मी या खेळांच्या मुळाशी गेले, आणि तिथे मला चक्क ऐकणारा माणूस सापडला!

हे खेळ मुळात संगणकाचे नाहीतच. ते टेबलाचे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्याआधी ही मंडळी छोटे शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायची. आर्नेसनने युक्ती केली. एका खेळाडूला अख्खं सैन्य देण्याऐवजी एकच माणूस दिला आणि त्याला किल्ल्याच्या तळघरात सोडलं. बुद्धिबळाच्या पटावरचं एकेक प्यादं एकेका माणसाला द्यावं आणि प्याद्याने "मी पुढे जाणार नाही, आधी वजिराशी बोलणार" म्हणावं, तसा हा प्रकार.

या खेळाला पट लागतोच असं नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि एक माणूस लागतो. इंग्रजीत त्याला 'डन्जन मास्टर' म्हणतात, मी सूत्रधार म्हणेन. तो सांगतो, "समोर विहीर आहे, आतून रडण्याचा आवाज येतोय. काय करता?" तुम्ही दोर सोडा, पळून जा, विहिरीला नमस्कार करा, काहीही करा. सूत्रधार ऐकतो, क्षणभर विचार करतो आणि सांगतो, "टाका फासा." हा फासा वीस बाजूंचा. गायगॅक्सला असे निरनिराळ्या बाजूंचे फासे शाळांना साहित्य पुरवणाऱ्या एका कॅटलॉगमध्ये सापडले होते. दान चांगलं पडलं तर बेत जमतो, नाही तर फसतो.

फाशावर गोष्ट फिरते, हे आपल्याला नवं सांगायला नको. सभापर्वातलं द्यूत आहे, नळाची कथा आहे. ऋतुपर्ण राजाकडून नळ फाशांचं मर्म शिकतो आणि बदल्यात त्याला घोड्यांची विद्या देतो. सारीपाट आणि चल्लस आठ तर आजीच्या मांडीवर बसून शिकलेले. फक्त आपल्या पटावर सोंगटी बोलत नाही. इथे सोंगटीच बोलते आणि तिचं ऐकायला सूत्रधार असतो.

आता हा खेळ संगणकात घालायचा म्हणजे काय करायचं? फासे सोपे. नियम सोपे. अवघड तो सूत्रधार. मला तर या खेळांचा पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे हरवलेल्या त्या माणसाचा शोधच वाटतो. अगदी पहिल्या खटपटी १९७५ च्या. इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची संगणकावर शिकवण्याची यंत्रणा होती. तिच्यावर कुणीतरी असा एक खेळ रचला आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून त्याला धड्याच्या फायलीचं नाव दिलं, 'पेडिट ५'. सापडला की व्यवस्थापक पुसून टाकायचे! आमच्या वडिलांच्या पिढीने भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकर लपवून वाचले, त्यातलीच ही जात.

मग १९८८ साली 'पूल ऑफ रेडियन्स' आला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'वाल्या कंपनीचा रीतसर परवाना घेतलेला. तेव्हाच्या फ्लॉपीत जागा किती असणार? गोष्ट मावेना. म्हणून खोक्यात एक छापील रोजनिशी दिलेली असे. खेळता खेळता पडद्यावर सूचना यायची, अमुक क्रमांकाची नोंद वाचा. की पुस्तिका उघडून वाचायचं. आणि आगाऊपणे आधीच सगळं वाचून काढणाऱ्यांसाठी त्यात काही खोट्या नोंदी पेरलेल्या होत्या! हा खोडकरपणा मला फार आवडला. सूत्रधार नसला तरी त्याची सावली तेवढी त्या पुस्तिकेत बसलेली होती.

पुढे सीडी आल्या, जागा वाढली आणि 'बाल्डर्स गेट' आला. १९९९ च्या 'प्लेनस्केप टॉरमेंट'मध्ये तर काही लाख शब्द आहेत, खेळण्यापेक्षा वाचणंच जास्त. अलीकडचा म्हणजे 'बाल्डर्स गेट ३', बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा, २०२३ चा. तो मी स्वतः खेळले. भाच्याला दिला नाही, कारण त्यावर अठरा वर्षांवरील असा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे, हे घरोघरच्या आई-वडिलांनी ध्यानात ठेवावं. यात वीस बाजूंचा फासा पडद्यावर खरोखर गडगडताना दिसतो. एका बाईचा आवाज गोष्ट सांगतो, अगदी टेबलाच्या टोकाला बसल्यासारखा. आणि त्यात एक सोय आहे, तिचं नाव वाचून मी हसलेच. 'कर्मिक डाइस'! म्हणजे कर्माचे फासे. ओळीने वाईट दानं पडू लागली तर यंत्र गुपचूप हात घालून ती सावरून घेतं. नको असेल तर ही सोय बंद करता येते. खराब दान पडलं की मागचा खेळ पुन्हा उघडून तोच प्रसंग पुन्हा खेळायची सोय तर सगळ्याच खेळांत असते. मीही ते बिनदिक्कत केलं.

म्हणजे यंत्राने सूत्रधाराचा आवाज आणला, त्याची दयाही थोडी आणली. तुम्ही यादीत नसलेलं काही बोललात तर मात्र ते ऐकत नाही, कारण ते बोलायला तिथे जागाच नसते. ताईचा प्रश्न बिनचूक होता.

याच सुमारास मला कळलं की आपल्या शहरात टेबलावरचा खेळ खेळणारी मंडळी आहेत. तसं बेंगळुरू आणि खेळ यांचं नातं जुनं. ब्रिगेड रोडवर १९९६ साली कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं, ते कॉफीबरोबर इंटरनेट देणारं होतं. १९९७ मध्ये राजेश राव यांनी इथे 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' सुरू केली. परदेशी खेळांसाठी गाड्या, झाडं, इमारती इथले चित्रकार संगणकावर घडवून द्यायचे. २०१९ मध्ये ती कंपनी 'रॉकस्टार' या बड्या कंपनीने विकत घेतली. गोष्ट तिकडची, झाडं आपली! आणि आता गंमत बघा, आठवडाभर संगणकापुढे बसून दमलेले इंजिनिअर शनिवारी संध्याकाळी पैसे भरून कागद-पेन्सिल घेऊन बसतात. इंदिरानगरच्या एका बोर्ड गेम कॅफेत असं एक टेबल होतं, नवख्यांनाही घेणारं.

भाच्याला विचारलं. तो काहीच बोलला नाही. दोन दिवसांनी मोबाईलवर संदेश आला, "तिथे बोलावं लागतं ना?" मी कळवलं, "लागतं." पुन्हा दोन दिवस शांतता. मग, "पात्र आपणच ठरवायचं ना?" "हो." "मग येतो."

त्याच्या डोक्यात काय शिजत होतं, मला कुठून कळणार!

ताईचा विरोध होताच. अनोळखी माणसं, वर राक्षस-भुतं. तिची भीती काही जगावेगळी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाने मुलं बिघडतात, सैतानाच्या नादी लागतात अशी ओरड झाली होती. मुलाच्या मृत्यूचं खापर खेळावर फोडून एका आईने १९८३ साली संघटनाही काढली. त्या भीतीला पुढे काही आधार सापडला नाही, पण त्या आईचं दुःख खरंच होतं. मी ताईला म्हटलं, "मी शेजारच्या टेबलावर बसून राहीन." भाऊजी म्हणाले, "जाऊ दे, मेट्रोने तर जायचंय." जयनगरहून हिरव्या मेट्रोने मॅजेस्टिक, तिथून जांभळ्या मेट्रोने इंदिरानगर. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही.

सूत्रधार एक तिशीची मुलगी होती, सॉफ्टवेअरवाली. मूळची बेळगावची, त्यामुळे माझ्याशी छान कानडी हेलाचं मराठी बोलली. टेबलावर इंग्रजी, कानडी, हिंदी सगळं एकत्र चालू होतं. तिने बसल्या बसल्या तीन नियम सांगितले. फोन पिशवीत. दुसऱ्याच्या पात्राने काय करायचं ते आपण सांगायचं नाही. आणि दुसऱ्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. मी चमकले. भाच्याबद्दल मी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. नंतर कळलं, टेबलावर एक वकील होता, तिसरा नियम त्याच्यासाठी केलेला!

मग एकेकाने आपलं पात्र सांगायला सुरुवात केली. भाच्याची पाळी आली तेव्हा माझ्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. त्याने वहीतला कागद फाडून तिच्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, "संन्यासी. मौनव्रत घेतलेलं आहे. कारण सांगणार नाही."

बोलण्याच्या खेळात मुका नायक! सांगा, कोणत्या संगणकात यासाठी बटण आहे?

तिने कागद वाचला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालेल. पण व्रत मोडेल कशाने, तेवढं आत्ताच चिठ्ठीवर लिहून दे. मी वाचणार, बाकी कुणी नाही." त्याने लिहिलं. तिने वाचून घडी घातली आणि फाशांच्या डबीत ठेवली.

खेळ सुरू झाला. परदेशी पुस्तकात सगळे वीर एखाद्या मद्यालयात भेटतात. हिने त्यांना दर्शिनीत भेटवलं, उभ्या उभ्या, बाय-टू कॉफी घेताना. दोन शनिवार आमचे मौनी बुवा हातवारे करत, चित्रं काढत हिंडले. वकिलाने त्यांचा दुभाषा व्हायचं स्वतःच ठरवलं आणि प्रत्येक खुणेचा चुकीचा अर्थ लावला. त्यावरून एकदा भलत्याच माणसाला कैद झाली. भाचा हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसला होता. घरी मी त्याला असं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मंडळी एका बंद किल्ल्याशी पोचली. दारावर म्हातारा पहारेकरी. सूत्रधाराने आवाज बदलला, एकेकाकडे बघत बघत शेवटी मौनी बुवाकडे वळली आणि विचारलं, "तुझं नाव काय?"

टेबल गप्प झालं. वकीलसुद्धा. मला वाटलं आता तो हात हलवेल, कागद ओढेल. त्याने कागद ओढला नाही. ओठ आवळले गेले, मान किंचित वळली, जी मी गेली आठ-दहा वर्षं बघते आहे. किती वेळ गेला कोण जाणे, माझ्या हिशेबाने फार वेळ. कुणी "बोल, बोल" म्हटलं नाही. कुणी वाक्य पुरं केलं नाही, नियमच होता. आणि मग पहिलं अक्षर तीन-चारदा आपटत ते नाव बाहेर आलं. संन्याशाचं नाव होतं, त्यानेच ठेवलेलं. सुरुवात मात्र त्याच्या स्वतःच्या नावाच्याच अक्षराने. दुसऱ्या सोप्या अक्षरांचा काही तोटा नव्हता.

सूत्रधाराने डबीतून चिठ्ठी काढून टेबलावर उलगडली. "कुणी नाव विचारलं तर."

"पहारेकऱ्याला ओळख पटते का बघू," ती म्हणाली. "बारा किंवा वर. टाक."

त्याने फासा टाकला. चार.

इथे कर्माचे फासे नव्हते आणि मागचा प्रसंग पुन्हा उघडायची सोय नव्हती. पहारेकऱ्याने खिडकी लावून घेतली. सगळं टेबल कळवळलं, वकिलाने तर सूत्रधाराशी कलम काढून वाद घातला. मला वाटलं, बाई गं, एवढ्यावर सोडून द्यायचंस ना त्याला आत! ती काही हलली नाही.

तो अजूनही अडखळतो, हे सांगायला हवं. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत त्याचे उपचार चालू आहेत, तिथे शिकवलेले व्यायाम तो रोज करतो. खेळाने बोलणं सुधारतं, असं मी म्हणत नाही. कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. 'बाल्डर्स गेट'ही त्याने सोडलेला नाही. ताईने निम्हान्सचं कात्रण देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलंय, वेळ पडली तर असावं म्हणून.

त्या रात्री मॅजेस्टिकला गाडी बदलताना गर्दीत तो माझ्या कानाशी वाकून काहीतरी सांगू लागला. गाडीच्या आवाजात ऐकू येईना. "काय रे?" म्हटलं. त्याने पुन्हा सुरुवात केली, पहिल्यापासून. दार लाकडाचं आहे की लोखंडाचं ते तिने सांगितलंच नाही, लाकडाचं असेल तर बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असणार, आणि वकिलाला आधी गप्प बसवायला हवं. आमच्या समोरच्या आजीबाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. त्याने पाहिलं आणि तो बिजागऱ्यांबद्दल सांगत राहिला. जयनगर आलं तरी किल्ल्याच्या मागच्या भिंतीचं व्हायचंच होतं.